दसऱ्याच्या आधीपासून

अल्लीपूर,
ता. ५ फेब्रुवारी १९५८

चि. भाऊ कवडूस,

थोरल्या बहिणीचा जय भीम आणि आशीर्वाद. इकडे सगळं ठीक आहे. कापसाची शेवटची वेचणी आटोपली. शेळीला दोन पिल्लं झाली. त्यातलं एक अगदी तुझ्यासारखं आहे, हाक मारली की उलटं पळतं. आर्वीच्या शाळेतली पोरं तुझं ऐकतात म्हणे. हे सांगितलं तर मायला हसू आलं.

माय बरी आहे, असंच याही वेळी लिहिणार होते. पण किती दिवस लिहू? डाव्या छातीवरच्या जखमेचा वास आता घरभर येतो. नागपूरच्या डॉक्टरांनी कॅन्सर सांगितला, तेव्हाच म्हणाले होते, घरी न्या आणि सांभाळा. मी तुला नुसतं ‘औषध चालू आहे’ कळवलं. रोज कडुलिंबाच्या पाण्यानं जखम धुते. मी रडू नये म्हणून माय धुताना माझ्याशी गप्पा मारते. कोण कोणाला धीर देतं, तेच कळत नाही.

दिवाळीच्या सुट्टीत आलास, क्षणभर खाटेवर बसलास, आणि चहा तसाच ठेवून निघून गेलास. पोरगं वासाला भ्यालं, असं मला वाटलं. दुसऱ्या दिवशी मायच्या उशीखाली अंगाऱ्याची पुडी सापडली.

कवडू, छप्पनच्या दसऱ्याला नागपूरहून दीक्षा घेऊन आल्यावर घरातले देव फडक्यात बांधून तूच डोहात सोडलेस. देवाचा कोप वगैरे काही नसतो, हे साऱ्या वस्तीला समजावत फिरलास. आणि तूच अंगारा आणावास? माझं डोकं फिरलं. परवा तुला चांगलं खरमरीत लिहायला बसले होते. मायनं हात धरला.

“बोलू नको त्याले,” ती म्हणाली. “लोकं म्हणते, देवायनं मले धरलं. त्याले वाटून राह्यलं, ‘देव म्या सोडले अन् माय चालली.’ म्हणून तो येऊन नाई राह्यला.”

मग माझा हात धरूनच ती पुढं बोलली.

“जयवंता, गाठ दसऱ्याच्या आधीची हाय. पोळ्याच्याही आधी हाताले लागली होती मले.”

“मंग सांगतलं काऊन नाई?”

“सांगतलं असतं तं तुमी मले घरी बसवलं असतं. मले नागपूरले जायचं होतं. दीक्षा घ्याची होती.”

तुझ्या समाधानासाठी तिनं हे रचलेलं नाही. त्या पोळ्याला माझी नलू तिच्या अंगावर झेपावली, तर तिनं पोरीला डावीकडून उचलून पटकन उजव्या कडेवर घेतलं. ‘आजी उजवी झाली’ म्हणून तूच हसला होतास. आठवून बघ. हात अवघडला असेल, एवढंच मी समजले होते.

आता तिला पेजेशिवाय काही जात नाही. सारखी दाराकडे बघते. मरणाला ती भीत नाही रे. हे ओझं तू जन्मभर वाहशील, याचीच तिला भीती वाटते. काल म्हणाली, “त्याले सांग, त्यानं मले नाई मारलं. तुह्यं नाई ऐकलं तं इकडे घेऊन ये, मीच सांगतो.”

पुडी मी फेकणार होते. मायनंच ठेवायला लावली. म्हणते, पोरानं भीत भीत का होईना, माझ्यासाठीच आणली ना.

या पत्राचं उत्तर लिहू नको. मायला अक्षर वाचता येत नाही, तुझं तोंड वाचता येतं. मिळेल त्या मोटारीनं ये.

मायच्या खाटेशी बसून तुझी वाट बघणारी,
तुझी बहीण
जयवंता