थंडीत उघडणारी गळती

प्रिय मामा,

काल आपला स्फटिक चमकला! चाचणीसाठी त्यावर क्ष-किरण सोडले आणि पडद्यावर एकामागून एक टोकदार रेषा उठल्या. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मला मात्र आधी तुला फोन करावासा वाटला. नंबर काढलाही. मग आठवलं, तुला जाऊन दीड महिना झाला. म्हणून हे पत्र.

मी पहिल्यांदा माझं काम समजावलं तेव्हा किती हसला होतास! विश्वात डोळ्यांना न दिसणारं खूप काही भरलंय, त्याला कृष्णद्रव्य म्हणतात. त्याचा एखादा कण स्फटिकाला धडकला तर अगदी इवलासा प्रकाश पडेल, आणि तो टिपायला स्फटिक भयंकर थंड ठेवावा लागतो. "म्हंजे जे दिसत नाय ते धरायला फ्रीज लागतो?" पिंपळगावच्या कोल्ड स्टोरेजमध्ये तीस वर्षं कॉम्प्रेसर सांभाळलेस तू. तुला हसू येणारच.

पण स्फटिक ठेवायची आमची टाकी सहा महिने दगा देत होती. झाकण लावून, आतली हवा काढून तपासलं की सगळं ठीक, थंड केली की आत हवा शिरायची. सर म्हणाले, या महिन्यात जमलं नाही तर स्फटिक दुसऱ्या कॉलेजला द्यावा लागेल. मी फोनवर रडले. आणि तू दुसऱ्या दिवशी पान्यांची पिशवी घेऊन नाशिकला हजर!

"गरम असताना काय तपासती? थंडीत बघ ना!" तू द्रव नायट्रोजन ओतायला लावलास, हातमोजे चढवलेस आणि एकेक बोल्ट पान्यानं चाचपलास.

"ढिले झालेत, माय. ॲल्युमिनियमचं झाकण लय आक्रसतं, पोलादी बोल्ट तेवढा आक्रसत नाय. खाली स्प्रिंग वॉशर टाक, मग दाब सुटणार नाय."

तेवढ्यात सर आत आले. "हे कोण?"

मी म्हणाले, "कूलिंगचे मेकॅनिक आहेत."

का म्हणाले मी असं, मामा? तुझ्या ग्रीस लागलेल्या पायजम्याची लाज वाटली मला? तू खाली बघत पाने पुसत राहिलास. एसटीत बसताना म्हणालास, "जेवण टायमावर करीत जा." एवढंच! रागवायचंस तरी.

वॉशर टाकले, गळती थांबली. माफी मात्र राहून गेली. दिवाळीत निवांत बोलू म्हटलं, आणि त्याआधीच कामावर तुझ्या छातीत कळ आली. आधीही दोनदा दुखलं होतं म्हणे. मशिनीचा आवाज जरा बदलला तरी उठून बघणारा तू, स्वतःचं दुखणं का रे लपवलंस?

दहाव्याला मामी माझा हात धरून म्हणाली, "लय खूश होते गं ते. कोल्ड स्टोरेजमधल्या सगळ्यांना सांगत होते, भाचीनं मोठ्या सरांपुढं 'हे माझे मामा' म्हणून ओळख करून दिली."

मी नुसती मान डोलावली.

येत्या सोमवारी मामीला प्रयोगशाळेत आणतेय. येतानाच तिला खरं काय घडलं ते सांगेन. चिडली तर चिडू दे. मग तिला शेजारी उभं करून सरांना सांगेन, "त्या दिवशी आलेले मेकॅनिक माझे सख्खे मामा होते. आणि ही माझी मामी." हा शब्द देते तुला.

तुझी भाची,
वैशी