अकरा ताई-दादा आणि एक मूल

पुसद, ९ मे

चि. सौ. भैरवी हिस चारुदादाचे अनेक आशीर्वाद.

तुझी कंबर आणि मेहुण्यांचं पित्त दोन्ही ताळ्यावर असतील अशी आशा आहे. पत्र पाहून दचकू नकोस. फोनवर काही लिहिलं की तू नुसता अंगठा पाठवून मोकळी होतेस. पत्राला ती सोय नाही.

यंदा मी कॉलनीतल्या मुलांसाठी उन्हाळी शिबिर काढलं. शिकवायला आपल्याच गल्लीतली तरुण मंडळी घ्यायची, असा माझा (निवृत्तीनंतर सुचलेला) बाणा. लेझीम सलोनीकडे, मल्लखांब खेमसिंगकडे, इथपर्यंत ठीक होतं. मग शेजारच्या कांताबाई फाटकात उभ्या. "सगळ्याइचे पोरं घेतले, आमच्या गोपालनं तुमचं काय घोडं मारलं, भाऊ?" गोपाल दहाच्या आत उठत नाही हे सगळ्यांना ठाऊक, पण शेजारणीला नाही कसं म्हणायचं? त्याला शिस्तप्रमुख केलं. ते कळताच उरलेल्या आयाही आल्या, आणि अशा रीतीने अकरा शिक्षक झाले. आठवडाभर अंगणात तालीम चालली (तुझ्या वहिनीने रोज बादलीभर पन्हं केलं), टोप्या आल्या, शिट्ट्या आल्या. मुलं तेवढी गृहीत धरली होती.

सोमवारी उद्घाटनाला एकच मूल आलं, अडीच वर्षांचं. तेही कांताबाईंच्या लेकीचं, म्हणजे गोपालचा भाचा. बाकी सगळी मुलं आपापल्या मामाकडे, कोणी घाटंजीला, कोणी ढाणकीला! मे महिन्यात मुलं मामाकडे जातात, हे चौतीस वर्षं मास्तरकी करूनही माझ्या डोक्यात आलं नाही. नारळ फुटेपर्यंत भाचा झोपला. मग सगळे त्याला टोप्यांनी वारा घालत बसले आणि शिस्तप्रमुखाने उरलेल्या दहांना चूं करू दिलं नाही. इतकं शिस्तीचं शिबिर मी जन्मात पाहिलं नव्हतं.

मी डोक्याला हात लावून बसलो, तर गोपालच म्हणाला, "काका, माहा भाचा आला ना माह्याकडे. तुमीबी त कोनाचे मामा असानच!"

तुझी आयुष-निकिता इथे येऊन चार उन्हाळे झाले गं. फार आठवण येते.

तेव्हा शिबिराची अब्रू राखायला दोघांना ताबडतोब पाठव.

तुझा,
चारुदादा

ता. क. : उन्हाचं कारण सांगू नकोस. कूलरला नवा वाळा लावलाय. गोपाल हल्ली सहाला उठून स्टँडवर तुमच्या नागपूरची गाडी बघून येतो.

ता. क. २ : खरं सांगायचं तर शिबिर परवाच गुंडाळलं. दोन टोप्या मात्र काढून ठेवल्या आहेत.