आंकोउमावर राहिलेला

डब्लिन, ओहायो
सप्टेंबर २००६

प्रिय उन्मेष,

आज बोलिव्हियाहून फेलिक्सचा फोन आला. तुमच्या रिसर्च टीमचा गाइड. आंकोउमा शिखरावरच्या बर्फात त्याला तुझं लाल जॅकेट दिसलं, आणि जॅकेटात तू. दोन वर्षांपूर्वी हिमकडा कोसळला तेव्हा तू आता कधीच सापडणार नाहीस, असं सगळ्यांनी धरलं होतं. मीसुद्धा.

"मॅडम, खाली आणता येईल," तो तोडक्या इंग्रजीत म्हणाला. "पण बर्फाला फार भेगा पडल्यात."

"जिवाला धोका आहे?"

"तुम्ही म्हणाल तर आम्ही जाऊ."

मी नाशिकला आईंना फोन लावला. वाटलं, म्हणतील, आण माझ्या लेकराला घरी. त्या खूप रडल्या. मग म्हणाल्या, "त्या पोरांच्याही आया असतील गं. नको पाठवूस कुणाला."

मी फेलिक्सला 'नको' सांगितलं. तो म्हणाला, "आमच्या आयमारा भाषेत आंकोउमा म्हणजे पांढरं पाणी. आम्ही त्या डोंगराला आजोबा मानतो. तो सांभाळेल त्यांना." मला थँक यू एवढंच म्हणता आलं.

शाळेतून आल्यावर नैनाला जवळ घेऊन सगळं सांगितलं. तिनं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "इज बाबा कोल्ड, आई?"

मला खोटं बोलवेना रे. "हो," म्हणाले, आणि आम्ही दोघी एकमेकींना घट्ट धरून बसलो.

तुझीच,
शरयू