पायाळूची पाठ

१८ नोव्हेंबर, सोमवार

सकाळी सकाळी दारात प्रफुल सर. मले वाटलं धावाले बोलवाले आले. कुठचं काय! कमरेवर हात, तोंड एरंडेल प्यायल्यासारखं. "सुरभी, उसण भरली बा. जरा पाय लाव."

हे आमच्या 'देवळी रनर्स'चे कॅप्टन! निवडलं कोणी? त्यायनंच. ग्रुपवर रोज पहाटे सूर्याचा फोटो अन् खाली लिहिलेलं — 'जिद्द'. आज जिद्द आमच्या ओसरीत पालथी पडली होती. मी टाच टेकवली, दोन-तीनदा दाबली. उठले, वाकून पाह्यलं. "गेली! एकदम गेली!" आईनं त्यायले चहा दिला. माझं धावणं राह्यलं.

मी पायाळू. म्हणजे जन्मताना डोकं सोडून पाय आधी बाहेर आले. अशा माणसाचा पाय पाठीले लागला की उसण पळते म्हणे. म्हणे! कळाले लागलं तेव्हापासून अर्धी देवळी माझ्या टाचेखालून गेली. दहावीच्या पेपरच्या दिवशी सुद्धा ओसरीत कोणीतरी पालथं होतंच. आता बाबाच्या कृषी केंद्रात काउंटरवर बसते, तर लोक तिथंही येतात अन् खताच्या पोत्यायवर आडवे होतात. माझं नाव कोणी विचारत नाई. "पायाळू पोट्टी आहे का घरी?"

जानेवारीत वर्धेले एकवीस किलोमीटरची शर्यत आहे. मी नाव दिलं. हे पाय एकदा तरी माझ्या कामाले लावीन. बस.

२४ नोव्हेंबर, रविवार

थंडी पडली. ग्रुपात तेवीस जण, रोडवर चार. बाकीचे रजईतूनच अंगठे दाखवून राह्यले.

प्रफुल सरांचा वॉर्मअप पाह्याले कापसाच्या गाड्या थांबतात. हात गोल, मान गोल, कंबर गोल, मंग एका पायावर बगळा. अर्धा तास! धावणं वीस मिनिटं, त्यात दहा मिनिटं फोटो. मी असले नखरे करत नाई. पांघरूण फेकलं, बूट घातले, पुलगाव रोडनं सुटली. मागून ओरडत होते, "सुरभी, आधी अंग गरम कर! थंडीत नस धरते!" ज्यायची उसण मी काढते, त्यायनं मले शिकवावं!

३ डिसेंबर

बारा किलोमीटर. एकटी. दोन्हीकडून तूर, अन् रोडवर मीच. कोणाची पाठ नाई, कंबर नाई, कण्हणं नाई. भल्ली खुश आहे मी आज.

६ डिसेंबर

अवकाळी ढग. दुपारी विजा चमकाले लागल्या तशी शेजारची आनंदाबाई पळत आली. "यशोदाबाई, पोरीले घरात घ्या व! पायाळूवर वीज पडते!" अन् आमची आई? तिनं मलेच गच्चीवर धाडलं, वाळत घातलेले कपडे काढाले! आनंदाबाईनं तोंडावर हातच ठेवला.

लोकायच्या पाठीची केवढी काळजी आमच्या आईले. पोरीवर वीज पडली तरी चालते.

१५ डिसेंबर, रविवार

पालथी पडून लिहून राह्यली. अक्षर असंच येईन.

सकाळी इतकी थंडी की बूट बांधताना बोटं वळत नव्हती. तरी उठली ती सरळ रोडवर. प्रफुल सर अन् त्यायची मंडळी बगळे होऊन उभी होती. म्हटलं, दाखवावं यायले. चढावर जीव तोडून सुटली — अन् कमरेत कट्! तिथंच बसली. श्वास घेता येईना.

"उसण!" प्रफुल सर ओरडले. "अरे, पायाळूले उसण भरली!"

त्यायच्या स्कूटरवर घरी आली. दुपारपर्यंत गल्लीभर झालं. पाह्याले येऊन राह्यले लोक, अन् हसू दाबून राह्यले. आनंदाबाई म्हणे, "आता हिले कोण लाथ मारन व?" मंग कोणाले तरी रोहण्याचे वासुदेवराव आठवले. म्हातारे आहेत, पण पक्के पायाळू. प्रफुल सर गाडी काढाले तयार. बाबा बी तयार.

आई तेवढी मधात उभी राह्यली. "रोहण्याले कुठी न्यायची नाई. उद्या सेवाग्रामले डॉक्टरले दाखवू."

रोहणा म्हणजे हिचं माहेर, मी जन्मली तेच गाव! माहेरी जायचं म्हटलं की पिशवी घेऊन तयार असते. साऱ्या गावाले माझ्या टाचेखाली घातलं, अन् माझी पाळी आली तर डॉक्टर! इतकी का मी जड झाली तुले? असं तोंडावर विचारलं बी. आई उठून भाजी टाकाले गेली.

१६ डिसेंबर

सेवाग्राम. व्यायाम शिकवणारी रुचिका मॅडम माझ्याच वयाची.

"धावायच्या आधी वॉर्मअप?"

"नाई."

"ताकदीचे व्यायाम?"

"नाई."

"आठवड्यात आरामाचा दिवस?"

"तो कायले?"

तिनं पेन खाली ठेवला. स्नायू धरला आहे, हाड ठीक आहे म्हणे. "पाय छान आहेत तुमचे. कंबर कच्ची आहे. थंड अंगानं धावलं की पायाचं सगळं ओझं कंबरेवर येतं." काही दिवस धावणं बंद, नुसतं चालायचं. मंग हळूहळू. सांगतलं तसं केलं तर जानेवारी जमेल. पुन्हा फुशारकी केली तर या थंडीत विसरा.

येताना बसमधी रडली. शर्यत गेली असंच वाटलं. शेजारी आई. तिनं पदर पुढं केला.

२२ डिसेंबर

पाठीवर झोपायचं, गुडघे उभे, अन् ढुंगण वर. ढुंगण खाली. वर. खाली. हा म्हणे माझा उपचार! आनंदाबाईनं भिंतीवरून पाह्यलं अन् "अगं माय!" करून पळाली.

अन् लोक थांबले का? माझी कंबर पट्ट्यात बांधलेली, तरी आज दोघं आले. "बसल्या बसल्या लाव न पाय!" शरम नावाची वस्तू देवळीत मिळत नाई वाटते.

३१ डिसेंबर

तीन किलोमीटर. एक बकरी माझ्या पुढं गेली.

त्याआधी वॉर्मअप केला. प्रफुल सरांच्या बाजूले उभी राहून. बगळा सुद्धा! कापसाची गाडी थांबली. प्रफुल सर काही बोलले नाई, नुसते फुगले. बोलले असते तर बरं झालं असतं.

७ जानेवारी

आठ किलोमीटर. काहीच दुखलं नाई. कोणाले सांगणार नाई, नजर लागन.

१४ जानेवारी, संक्रांत

प्रफुल सरांचं ग्रुपवर भाषण. 'थंडीत जो अंथरूण सोडतो तोच खरा धावपटू.' हे स्वतः सर्दी झाली म्हणून आठवडाभर दिसले नाई! तिळगूळ दिला त्यायले. गोड काय बोलणार, कप्पाळ.

काल बारा झाले. कंबर गप आहे. रात्री झोपताना तिच्यावर हात ठेवते अन् म्हणते, पाच दिवस सांभाळ व माय.

१९ जानेवारी, रविवार

झालं! एकवीस! चालली नाई, बसली नाई.

शाळेची पोरं पुढं गेली. लुगड्यातली एक बाई पुढं गेली, ती तर हसत हसत. जाऊ दे. मी माझ्या चालीनं, बोलता येईन इतकंच धावली. सुरुवातीले मलेच माझी कीव येत होती.

मंग सतराव्या किलोमीटरवर पाह्यलं तर रोडच्या कडीले प्रफुल सर. सुरुवातीले बाणासारखे सुटले होते. आता कमरेवर हात, तोंड तेच एरंडेलाचं. "सुरभी! बरं झालं आली! लाव न पाय!" अन् तिथंच डांबरावर पालथे व्हाले लागले! लोक पाहून राह्यले.

पाय थांबाले आले होते, खोटं कायले लिहू. एवढ्या वर्षांची सवय. पण थांबली असती तर कंबर पुन्हा थंड झाली असती, अन् मंग मी काही उठत नव्हती.

म्हटलं, "आज पाय माझ्या कामात आहेत. उद्या या!"

शेवटी आई उभी होती, डोक्याले शाल गुंडाळून. मी आली तशी ती खाली बसली अन् माझे बूट दोन्ही हातात धरून रडाले लागली. "काऊन रडून राह्यली व? धड आहो मी!"

"घरी सांगते," म्हणे.

२० जानेवारी, सोमवार

चहा गाळता गाळता आईनं सांगतलं. मी पायाळू नाई. डोक्यानंच आली, सगळ्यायसारखी. रोहण्यातल्या जुन्या लोकायले हे ठाऊक, म्हणूनच तिकडं नेऊ दिलं नाई. तिसरी पोरगी म्हणून देवळीहून रोहण्याले पाह्याले कोणी आलं नाई. बारशाले सुद्धा नाई. तेव्हा आईनं निरोप धाडला — पोरगी पायाळू आहे.

"तुयी देवळीची आजी दुसऱ्याच दिवशी आली. कंबर धरली होती तिची. तुया एवढासा पाय हातानं कंबरेले लावला, अन् मंग कुठी तुले मांडीवर घेतलं. कोणाले तरी तुयी गरज लागली पायजे होती व."

तिनं माझ्यापुढं कप सरकवला. तेवढ्यात दारात प्रफुल सर, कमरेवर हात. 'उद्या या' मीच म्हटलं होतं.

चप्पल काढली. म्हटलं, व्हा पालथे.