शार्पनेस शून्यावर

दादा,

टीव्ही लावायला जाशील आणि रिमोट सापडणार नाही. घर उलथंपालथं करू नकोस. तो माझ्या पर्समध्ये आहे आणि मी कामावर निघालेय.

तुझ्या सगळ्या सेटिंग्ज मी बदलल्यात. शार्पनेस शून्यावर आणलाय आणि जुन्या चित्राला नवं करणारं ते अपस्केलिंगही बंद केलंय. हो, न विचारता. विचारलं असतं तर पुन्हा पिक्सेलवर प्रवचन ऐकावं लागलं असतं.

आई गेल्यावर तिचा तेवढा एकच व्हिडिओ उरला, त्याचीही तू पार वाट लावलीस. केसांभोवती पांढरी रेघ, चेहरा मेणाचा, आणि गालावरचा तीळ तर टीव्हीनं डाग समजून पुसूनच टाकला! तू खुशीत, "बघ, कसं लख्ख दिसतंय!" आणि बाबा मला हळूच विचारत होते, "ही बाई कोण गं?"

तू लगेच म्हणालास, "बाबांचं डोकं चालेनासं झालंय."

आज सकाळी मी तोच व्हिडिओ होता तसा, धुरकट लावला. बाबांनी चहाचा कप खाली ठेवला आणि टीव्हीवर खेकसले, "अगं, शोधतेस काय? चष्मा डोक्यावरच आहे तुझ्या!"

विसरतात ते, मलाही दिसतं. पण तिला विसरलेले नाहीत.

टीव्ही तू आणलास, कबूल. सेटिंगला मात्र हात लावायचा नाही. संध्याकाळी काय भांडायचं ते भांड, मी तयार आहे. फक्त आवाज खाली ठेव. बाबा तिच्याशी बोलत असतील.

धाकटी