तापवलेलं टोक

९ फेब्रु., सोम.
सकाळी होटगी रोडला गोडाऊन. टेम्पो मागे घेताना ड्रायव्हरने शटरची डावी चॅनल ठोकली, शटर निम्म्यात अडकून बसलेलं. मालक म्हणतो, ग्रीस मारा. लोकांना सगळ्या दुखण्यावर ग्रीस हेच औषध माहीत. ग्रीसला धूळ चिकटते, मग शटर रडतं आणि मग मिस्त्री आठवतो. चॅनल ठोकून सरळ केली, डिझेलने धुतली, पातळ ऑइलचा एक हात दिला. चाललं.

दुपारी जुळे सोलापूर, बिराजदार मॅडमचा बंगला. गॅरेजचं शटर, दहा फुटी, जड. मॅ. रिटायर मास्तरीण, वय सदुसष्ट, गाडी स्वतः चालवतात. त्यांच्या यजमानांना, बि. काकांना, दोन वर्षांपूर्वी लकवा, उजवी बाजू गेली, वाचा गेली. सोम-बुध-शुक्र मॅ. त्यांना गाडीतून व्यायामाला नेतात. आज नेमकं वरच्या पाइपवरच्या, शटरचं वजन तोलणाऱ्या स्प्रिंगचं टोक तुटलं. त्या मापाची स्प्रिंग दुकानात नाही, परवा येणार. मॅ. म्हणाल्या, "असू द्या मिस्त्री, आज रिक्षाने नेते." मीच म्हणालो, "रिक्षा कशाला? तासाभरात करून देतो की." उरलेलं टोक गॅसवर लाल केलं, वाकवून नवा आकडा केला, स्प्रिंगला फेरे भरले. शटर एका बोटाने वर. काका गॅरेजमध्येच खुर्चीवर बसून सगळं बघत होते. मॅ. म्हणाल्या, "जादू आहे तुमच्या हातात."
बरं वाटलं. खोटं कशाला लिहू.
ज्यांच्या हाताखाली काम शिकलो ते उस्ताद असते तर कानाखाली दिली असती. "गरम करे सो स्प्रिंग पे भरोसा नक्को करो", पहिल्या आठवड्यात शिकवलेलं; तापवलेलं पोलाद ठिसूळ होतं. पण दोन दिवसांचाच प्रश्न आहे. परवा नवीन टाकून येतो.

११ फेब्रु., बुध.
स्प्रिंग आली. घेऊन स्कूटरच्या डिकीत टाकली. तेवढ्यात टेंभुर्णीहून फोन, खताच्या दुकानाचं मोटरचं शटर निम्म्यात येऊन परत वर जातं. गेलो. काही नाही, मोटरला कुठे थांबायचं ते सांगणारं बटण सरकलेलं. दहा मिनिटांचं काम, जाण्या-येण्यात दिवस गेला. मॅ.कडे उद्या.

१६ फेब्रु., सोम.
उन्हं आत्ताच चटका द्यायला लागली. पत्रा हातात धरवत नाही.
मॅ.कडे जाणं झालं नाही. सकाळी त्यांचाच फोन, म्हटलं आता ऐकवतील. तर म्हणतात, "मिस्त्री, शटर इतकं हलकं कधीच चाललं नव्हतं." मग मीही ढिला पडलो. डिकीतून पिशवी काढताना सुमनला ती स्प्रिंग दिसली.
"ही त्या बाईंच्या घरी टाकायची व्हती न्हवं?"
"टाकतो गं."
"कवा?"
डिकी आपटून बंद केली. बायकोने बरोबर विचारलं की मला राग येतो.

२० फेब्रु., शुक्र.
दुपारी फोन, मॅ.च्या शेजारणीचा. शटर पडलं. मॅ.चा उजवा हात खाली सापडला.

२१ फेब्रु., शनि.
काल पुढचं लिहिता आलं नाही. आज लिहितो.
मी पोचलो तेव्हा मॅ.ना दवाखान्यात नेलं होतं. उंबऱ्यावर शेजारीण बादलीने पाणी टाकत होती. तिने सांगितलं, मॅ.नी काकांना व्यायामाहून आणलं, गाडी आत लावली, शटर ओढताना धाडकन आलं. मनगटाची दोन हाडं. आत स्टीलची पट्टी बसवणार म्हणतात.
वर चढून बघितलं. आकडा तुटला होता. मी तापवलं होतं बरोबर तिथेच. आतून राखाडी, दाणेदार, रव्यासारखा. चांगलं पोलाद असं तुटत नाही.
तुकडा खिशात टाकला. खाली उतरलो, डिकीतली नवीन स्प्रिंग आणली आणि बसवली. नऊ दिवस ती माझ्या बुडाखाली होती. शेजारीण म्हणाली, "बाई, किती धावून येता हो तुम्ही."

२५ फेब्रु., बुध.
दवाखान्यात जाऊन आलो. सांगायचं असं ठरवूनच गेलो होतो. पण मॅ.नीच सुरुवात केली.
"माझीच चूक, मिस्त्री. डाव्या हातात औषधांची पिशवी होती. एकाच हाताने, तिरकं ओढलं. घाई केली."
मी म्हणालो, "आराम करा मॅडम."
दारातून बाहेर आलो आणि काय लिहू, सुटल्यासारखं वाटलं. त्याची लाज वाटते. पण वाटलं ते वाटलं.

८ मार्च, रवि.
मॅ.चा मुलगा विनय पुण्याहून आलाय. शटर एकदा तपासून द्या म्हणून बोलावलं. तपासायला काय, मीच बसवलेली स्प्रिंग. तरी शिडी लावून वर चढलो, उगाच नटबोल्ट आवळत बसलो. खाली मायलेकाचं चाललेलं ऐकू येत होतं. बंगला बंद करायचा, गाडी काढून टाकायची, दोघांना पुण्याला न्यायचं. मॅ. म्हणत होत्या, "अरे, एकदा हात मोडला म्हणून?" तो म्हणत होता, "आज हात मोडला. उद्या बाबा गाडीत असताना ब्रेक लागला नाही तर?"
मी उतरलो. तो मला म्हणाला, "मिस्त्री, तुम्ही रोज हेच काम करता. सांगा हिला."
आणि मॅ. म्हणाल्या, "हो, सांगा. मी दोन्ही हातांनी, सरळ ओढलं असतं तर पडलं नसतं ना?"
त्यांना काय ऐकायचं होतं ते मला कळलं नाही असं नाही. कुणीतरी म्हणायला हवं होतं, बाई, तुम्ही कसंही ओढलं असतं तरी पडलंच असतं. पण तोंडातून निघालं,
"सरळ वढलं की न्हाय पडत, मॅडम."
"ऐकलंस, आई?" विनय म्हणाला.
मॅ.नी मान हलवली. भांडल्या नाहीत.
काका तिथेच खुर्चीवर. त्यांनी डावा हात उचलला, बोटं खालून वर फुलवली, गॅस पेटतो तशी. तोंडाने फर्र आवाज काढला. मग माझ्याकडे बोट केलं. परत तेच. परत तेच. विनय म्हणाला, "उकडतंय का, बाबा?" आणि पंखा पाचवर केला. काका करतच राहिले, डोळ्यांतून पाणी आलं त्यांच्या.
मी पिशवी उचलून निघालो.

१० मार्च, मंगळ.
पाडव्याआधी दुकानवाल्यांची घाई. रंग, ऑइल, कुलपाच्या दांड्या. आज चार शटरं. प्रत्येक ठिकाणी आधी स्प्रिंगची टोकं बघतो. मीच पूर्वी तापवून दिलेली दोन सापडली, न विचारता बदलली. एक मालक म्हणाला, चांगली चालू होती की. मी म्हणालो, गप बसा.
गिऱ्हाइकाला असं कधी बोललो नव्हतो.

१३ मार्च, शुक्र.
सुमनला सांगितलं. शर्ट धुवायला टाकताना खिशातला तुकडा तिच्या हाती लागला, म्हणून. नाहीतर तिलाही सांगितलं नसतं.
ती भाकरी थापत होती, थापतच राहिली. म्हणाली, "आता सांगून त्यांचा हात जुळनार हाय व्हय? गप ऱ्हावा. लोक परत दारात हुबं करायचं न्हाईत."
मला तेच ऐकायचं होतं. चांगला जेवलो.

१४ मार्च, शनि.
सकाळी चहा पुढ्यात आदळून सुमन म्हणाली, "म्या काल चुकीचं बोलले."
"काय?"
"हात न्हाय जुळनार. पर घर तर ऱ्हाईल की तिचं. तुमच्या तोंडापायी ती बाई स्वतःला खुळी समजाय लागली आसंल."
चहा तसाच राहिला.

२० मार्च, शुक्र.
जु. सो.ला दुसऱ्या कामाला गेलो होतो, मुद्दाम मॅ.च्या गल्लीतून गाडी घातली. गॅरेज उघडं, आत गाडी नाही. गेली विकून. मॅ. पायरीवर बसल्या होत्या. हाक मारली.
हातावरचं प्लास्टर काढलंय, बोटं अजून सुजलेली. मी विचारलं, कसं वाटतंय. म्हणाल्या, "हाताचं काही नाही हो. पण परवा गॅसचं बटण बंद केलं की नाही ते बघायला तीनदा उठले. पूर्वी असं नव्हतं. विनय म्हणतो ते खरंच असेल, माझंच आता मला कळेनासं झालंय."
"काकांचा व्यायाम?"
"बंद. पुण्याला गेल्यावर लावू म्हणतो विनय. तिकडे यांच्याशी कन्नड कोण बोलणार? दिवसभर दोघं चौथ्या मजल्यावर."
तेवढ्यात सांगायला हवं होतं. गल्लीत कुणी नव्हतं. मी म्हणालो, पाणी मिळेल का. त्या डाव्या हाताने तांब्या घेऊन आल्या. मी पाणी प्यायलो आणि निघालो. माझ्यासारखा नालायक माणूस मीच बघितला नाही.

२२ मार्च, रवि.
सांगितलं.
सकाळी गेलो. बसा म्हणाल्या, बसलो नाही. बसलो असतो तर राहून गेलं असतं. उभ्याने सगळं सांगितलं. टोक तापवलं होतं. नवीन स्प्रिंग नऊ दिवस डिकीत होती. तुम्ही कसंही ओढलं असतं तरी पडलं असतं.
मॅ.नी मास्तरणीच्या आवाजात विचारलं, "तुम्हाला कधी कळलं?"
"त्याच दिवशी."
"म्हणजे विनयसमोर मी विचारलं, तेव्हा माहीत होतं."
"व्हय."
"आणि दवाखान्यात?"
"व्हय."
शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी काकांकडे तोंड केलं आणि कन्नडमध्ये काहीतरी सांगितलं, हळू. काकांनी डोळे मिटून घेतले. आज हात उचलला नाही.
मग मला म्हणाल्या, "स्प्रिंगचं मी समजू शकते. काम करताना चुकतं माणूस. पण मी महिनाभर रोज ते शटर मनातल्या मनात ओढून बघतेय, कुठे चुकलं म्हणून. ते तुम्ही करू दिलंत."
पुढे म्हणाल्या,
"आता हे मला एकटीला सांगून उपयोग नाही, मिस्त्री. मी सांगितलं तर विनय म्हणेल, आई राहण्यासाठी काहीही बोलते. पुढच्या रविवारी तो टेम्पो घेऊन येतोय सामान न्यायला, दहा वाजता. त्याच्यासमोर सांगा. मग तो काय ठरवेल ते ठरवू दे."
येतो म्हणालो.

२६ मार्च, गुरु.
काम नाही. म्हणजे आहे, गेलो नाही. आलेले फोन उचलले नाहीत.
गाडी तर गेलीच. हात पहिल्यासारखा होणार नाही. मग सांगून नेमकं काय वाचणार, याचा हिशोब लागत नाही. सुमन म्हणते, तुमी कशापायी लावताय त्यो, त्यांचा त्यांना लावू द्या.
विनय तापट आहे. शेजारीपाजारी गोळा होतील. तिथल्या सहा बंगल्यांची शटरं माझ्याकडे आहेत. हे मनात येतं, तेही लिहून ठेवतो.

२९ मार्च, रवि.
आंघोळ करून तयार. इस्त्रीचा शर्ट काढला तर सुमन म्हणाली, "लग्नाला चाललाय व्हय? कामाचाच घाला." तो घातला.
पावणेदहाला मॅ.चा फोन. मागे सामान ओढल्याचा आवाज, कुणीतरी "सांभाळून, सांभाळून" म्हणत होतं. टेम्पो लवकर आलाय. मॅ. हळू आवाजात म्हणाल्या, "मिस्त्री, यांची खुर्ची तेवढी राहिलीय. येताय ना?"
म्हणालो, "निघालोय मॅडम, वाटेतच हाय."
आता दहा वाजून वीस मिनिटं. सुमनने स्कूटर काढून दारात उभी केलीय, हॉर्न वाजवला दोनदा. एवढं लिहितो आणि उठतो.