आतून धुरकटलेली काच

२४ नोव्हेंबर

बॉनेट तिसऱ्यांदा घासलं. धीर म्हणून नाहीच माझ्यात. रंग वाळला की नाही हे बघायला बोट लावायचं नसतं, हे मला माहीत आहे. तरी लावलं. ठसा उमटला — अगदी रेघ न् रेघ! ताई म्हणाली, "तू चोऱ्याबिऱ्या करायला जाऊ नकोस हं. पहिल्याच दिवशी सापडशील."

ताई दातांच्या डॉक्टरकडे कामाला आहे. तिथली बोथट झालेली हत्यारं मला आणून देते. आज एक आकडी मिळाली. खेळण्यातल्या गाडीच्या (ताईचा शब्द! मी मॉडेल म्हणतो) दारांच्या फटींत साचलेला रंग खरवडायला झकास. कुणाच्या तरी दाढेत फिरून आलेली आहे, तो विचार करायचा नाही.

बाबा अजून माझ्याशी आईमार्फत बोलतात. मी समोरच जेवत असतो आणि ते आईला सांगतात, "विचार त्याला, पाणी हवंय का." कॉलेज सोडून आठ महिने झाले. सरांच्या टेबलावर जर्नल आपटलं, "ठेवा तुमच्यापाशीच" म्हणालो आणि निघालो. काय रुबाब वाटला होता! फाटकापर्यंत टिकला.

२५ नोव्हेंबर

रंगवालीकडे गेलो होतो. (नाव लिहिणार नाही. ताई ही वही उघडते, मला पक्कं ठाऊक आहे. ताई, वाचत असशील तर लाज वाटू दे.)

गाड्यांच्या रंगाच्या दुकानात ती काउंटरवर असते. रंगाचा नंबर सांगितला की खऱ्या गाडीचा रंग मिसळून देते. लोक डबे नेतात, मी खोकल्याच्या औषधाची रिकामी बाटली नेतो. पहिल्यांदा गेलो तेव्हा मालक खो खो हसला होता — "एवढ्यात आरसा तरी रंगेल का रे?" ती नाही हसली. म्हणाली, "मॉडेल आहे का? कितीपट लहान?" मी म्हटलं, चोवीसपट. "मग पातळ करून देते." संपलं! गेलोच मी कामातून.

आज तिने काउंटरखालून एक खोका काढला. न उघडलेलं किट. वर एक फोटो ठेवला. दुधी रंगाची गाडी, काळा टप, आणि दारावर हात टेकून उभे तिचे बाबा. एकोणीस वर्षं त्यांनी ती गाडी भाड्याने चालवली. सहा वर्षांपूर्वी अपघात झाला आणि गाडी भंगारात गेली.

"बाबांची काही चूक नव्हती," ती म्हणाली. "रस्त्यावर धुकंच इतकं होतं, समोरचा हात दिसत नव्हता. आई शेजारी बसली होती. तिचा पाय तेव्हाच अधू झाला."

त्यानंतर त्यांनी स्टिअरिंगला हात लावला नाही. आता शाळेत शिपाई आहेत, घंटा वाजवतात. बसमध्येसुद्धा पुढच्या सीटवर बसत नाहीत.

"पाच तारखेला साठ पूर्ण होतायत. तोपर्यंत होईल?"

असल्या कामाला महिना लागतो. मी म्हटलं, "चार तारखेला घेऊन येतो."

जीभ आहे की काय!

२७ नोव्हेंबर

रोज काहीतरी विचारायला जातो. सीटचं कापड कसलं होतं? पट्ट्यापट्ट्यांचं. दिवे नंतर बदलले होते का? डावा बदलला होता, जरा पिवळट दिसायचा. आज ती स्वतःहून म्हणाली, "गिअरच्या दांड्यावर बाबांनी काचेची हिरवी गोटी बसवली होती. मी लहान असताना ती मागायची, आणि ते म्हणायचे, 'घे की, मग गाडी तू चालव.'"

घरी येऊन एका टाचणीचं डोकं हिरवं केलं. तीन तास गेले. बाबा आईला म्हणाले, "विचार त्याला, टाचणी रंगवायची डिग्री कुठे मिळते."

३० नोव्हेंबर

माझ्या नखातला रंग तिने ओळखला. नंबरासकट!

२ डिसेंबर

दुधी रंग जमला — काचेसारखा गुळगुळीत. या वेळी बोट लावलं नाही. हात पाठीमागे बांधून बसलो होतो, शप्पथ. आतली सीटं, पट्टे, हिरवी गोटी, सगळं बसलं. ताईनेही भिंग लावून बघितलं आणि चक्क गप्प बसली.

राहिल्या फक्त काचा. पांढऱ्या गोंदाने लावायच्या, रात्रभर वाळू द्यायच्या, मग वरचा सांगाडा खालच्या भागावर चिकटवायचा. दोन दिवसांचं काम. आहेत दोन दिवस.

३ डिसेंबर

सकाळी पांढरा गोंद संपलेला! दुकान उघडेपर्यंत कोण थांबणार? सुपरग्लू होताच. समोरची काच, मागची, बाजूच्या — फटाफट. आणि लगेच सांगाडाही चिकटवून टाकला. एक दिवस आधीच काम फत्ते. उद्या सकाळीच नेऊन दाखवतो तिला.

४ डिसेंबर

मेलो.

सगळ्या काचा पांढऱ्या. आतून. सुपरग्लू सुकताना त्याची वाफ निघते आणि ती प्लास्टिकच्या काचेवर जाऊन बसते. गाडी बंद असेल तर वाफेला बाहेर जायला वाट नाही. हे नवशिक्यांना सांगतात! मीच गेल्या महिन्यात एका मित्राला सांगितलं होतं, वर शहाणपणाने. किटच्या कागदावरही लिहिलंय.

उघडायला बघितलं. टपाचे खांब काडीएवढे. जरा जोर दिला तर कर्र आवाज आला, सोडून दिलं. हिरवी गोटी आत आहे, दिसतच नाही. म्हणजे दिसते — कुणीतरी जाड चादरीआडून बोट दाखवावं तशी.

गेलो नाही तिच्याकडे. उद्या जाऊन सरळ सांगायचं, चूक झाली, पंधरा दिवस दे.

५ डिसेंबर

नाही सांगितलं.

तिने खोका उघडला आणि तिचा चेहरा असा उजळला की माझी जीभ आपोआप चालू लागली. मी म्हटलं, "थंडीच्या सकाळी माणसं गाडीत बसली की काचा आतून धुरकटतात ना? ते दाखवलंय. मुद्दाम. नाहीतर ते खेळणं वाटतं."

तिने काचेला डोळा लावला. म्हणाली, "किती बारीक विचार करतोस रे तू."

आणि मी मान हलवली! थोर कलावंतासारखी! घरी येताना वाटेत एकदा थांबून स्वतःच्याच थोबाडीत मारावी असं वाटलं. माणसं होती म्हणून मारली नाही.

८ डिसेंबर

आज जे झालं ते लिहितो. लिहायलाच हवं.

दुकानात शिरलो, तर तिने वर बघितलंच नाही. गिऱ्हाईक उभं होतं, डबा हलवायचं मशीन चालू होतं. ते थांबल्यावर म्हणाली, "बाबा तीन दिवस धड जेवले नाहीत."

मग सांगितलं. त्यांनी गाडी हातात घेतली, चाकं फिरवली, पिवळट दिवा बघून हसले. मग खिडकीपाशी उजेडात धरली. आणि तसेच उभे राहिले. म्हणाले, "त्याला कोणी सांगितलं?" बस्स, एवढंच. तिने विचारलं, काय सांगितलं, तर त्यांनी गाडी खिडकीच्या कट्ट्यावर ठेवून दिली. आई गाडी कपाटात ठेवायला गेली, तर म्हणाले, "राहू दे तिथेच."

"मीच तुला सांगितलं होतं धुक्यात अपघात झाला म्हणून," ती म्हणाली. "मीच! आणि तू त्याचाच देखावा करून दिलास? वाढदिवसाला? आणि मी वेडी तुझं कौतुक करत बसले!"

खरं सांगतो — त्या दिवशी थाप मारताना अपघात माझ्या डोक्यात आलाच नव्हता. मी फक्त माझी कातडी वाचवत होतो. एक वाक्य पुरलं असतं: गोंद चुकला. दोन शब्द! पण गिऱ्हाईक बघत होतं, मालक चष्म्यावरून बघत होता, आणि माझं डोकं सणकलं. मी म्हणालो —

"तुझ्या बाबांना गाडी सांभाळता आली नाही, त्याचं खापर माझ्या काचांवर कशाला फोडतेस?"

तिने गिऱ्हाइकाच्या डब्यावर झाकण ठेवलं, हातोडीने कडेकडेने ठोकून बसवलं. मग म्हणाली, "पुढचं कोण?"

मागे कोणीच नव्हतं.

९ डिसेंबर

दिवसभर काही केलं नाही. जर्नल आपटल्यावर निदान आपण बरोबर आहोत असं वाटलं होतं.

११ डिसेंबर

ताईला सांगितलं. टर उडवेल असं वाटलं होतं. नाही उडवली, ते जास्त लागलं.

"जाऊन सांग त्यांना."

"ती माझं तोंड बघणार नाही."

"आत्ता कुठे बघतेय?"

"तिच्या बाबांनी मला हाकललं तर?"

"तर जिना उतरायचा. पाय आहेत ना?" मग म्हणाली, "आमच्याकडे पेशंट येतात, दात चार महिने दुखतोय म्हणतात. चार महिने! का आला नाहीत म्हटलं की म्हणतात, दुखेल म्हणून."

१३ डिसेंबर

गेलो. शनिवारी शाळा अर्धा दिवस असते आणि ती दुकानात असते, हिशेब करूनच गेलो. भित्रा तो भित्राच.

दार काकूंनी उघडलं. काठी घेऊन चालतात. मी कोण ते सांगितलं, तर "तो तू का!" म्हणाल्या आणि बाजूला झाल्या. काका खिडकीपाशी बसले होते. गाडी खिडकीच्या कट्ट्यावर, नाक बाहेरच्या बाजूला.

बसायलाही थांबलो नाही. उभ्याउभ्याच सगळं ओकलो. काका, ते मुद्दाम केलेलं नाही. चुकीचा गोंद वापरला, घाई केली, त्याची वाफ बसली. तुमच्या मुलीशी खोटं बोललो. मला कोणीही काहीही सांगितलेलं नाही. आणि मग दुकानात तुमच्याबद्दल जे बोललो —

"काय बोललास?"

तिने घरी सांगितलंच नव्हतं! मला वाटलं होतं, त्यांना माहीत असेल. आता मागे फिरायला जागाच नाही. जमिनीकडे बघत शब्दन् शब्द म्हणून दाखवला. सांभाळता आली नाही. खापर. सगळं. माझाच आवाज मला कुणा नालायक माणसाचा वाटत होता. आतल्या खोलीत काकूंच्या काठीचा आवाज चालू होता, तो थांबला.

काकांनी गाडी उचलली. काचेवरून अंगठा फिरवला, बाहेरून. पांढरं आतून होतं, ते कसलं निघतंय.

"गोंद?" म्हणाले.

"हो काका."

"म्हणजे कोणी काही बोललं नाही तुला."

"नाही काका."

ते हसले. हसले म्हणजे — श्वास सोडला. "बस," म्हणाले. बसलो. मग बोलले. जे बोलले ते आज लिहिवत नाही. आई दोनदा विचारून गेली, बरं नाही का म्हणून. बाबा दारात येऊन उभे राहिले आणि पहिल्यांदाच सरळ मला म्हणाले, "काय झालंय रे?" काही नाही म्हटलं. ते गेले नाहीत लगेच.

१४ डिसेंबर

काका म्हणाले होते, "त्या दिवशी रस्त्यावर धुकं नव्हतंच, पोरा. काच आतून धुरकटली होती. गाडी बाजूला घेऊन पुसायची होती. पण मी हिच्याशी भांडत होतो, रागात होतो, नाही थांबलो. लेकीला सांगेन मी." आणि दारातून काकू म्हणाल्या, "'सांगेन, सांगेन' — सहा वर्षं हेच ऐकतेय."

आज दुकानात ती स्वतःहून बोलली. "बाबा काल जेवले. तू येऊन गेलास, आईने सांगितलं. काय म्हणाले ते तुला?"

जीभ कधी नव्हे ती जागेवर राहिली. मी म्हटलं, "त्यांनाच विचार."

तिने माझ्याकडे बघितलं. डबा तसाच उघडा टाकला आणि अ‍ॅप्रनही न काढता घराकडे निघाली.